मुंबईचा कारभार : हुकूम कोणाचा आणि जाब कोणी द्यायचा?

शिवडीकर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या परवाच्या सभेत एका नव्या सभासदाने विचारले, "मत नगरसेवकाला देतो, मालमत्ता कर महानगरपालिकेत भरतो आणि तक्रारीचे पत्र सहायक आयुक्तांच्या नावे लिहितो, मग काम अडले तर पकडायचे कोणाला?" अठरा वर्षे संस्थेचा सचिव असूनही मला याचे एका वाक्यात उत्तर देता आले नाही. घरी येऊन जे लिहून काढले ते येथे मांडतो आहे. त्या सभासदाचा गोंधळ त्याच्या अज्ञानातून आलेला नसून कायद्याच्या रचनेतूनच आलेला आहे, आणि त्या रचनेमागे एके काळी फार चांगला विचार होता, असे माझे मत आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. 'वॉर्ड' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. निवडणुकीचा वॉर्ड म्हणजे प्रभाग. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी ५५ हजारांच्या आसपास माणसे येतात. प्रशासनाचा वॉर्ड म्हणजे विभाग. 'ए' पासून 'टी' पर्यंत अक्षरांनी ओळखले जाणारे चोवीस विभाग आपल्या पिढीला पाठ आहेत. आमचे शिवडी, परळ, लालबाग हे 'एफ दक्षिण' मध्ये येते. विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त, त्याच्या वर परिमंडळाचे उपायुक्त, त्यांच्या वर अतिरिक्त आयुक्त आणि सर्वांत वर आयुक्त. ही साखळी खालपासून वरपर्यंत पाहिली तर तिच्यात निवडून आलेला एकही माणूस नाही. कचऱ्याची गाडी, रस्त्याचे खोदकाम, दुकानाचा परवाना, इमारतीचा नकाशा, या सगळ्यांवरचा शेवटचा हुकूम आयुक्तांचा असतो, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते.

असे का आहे याचे उत्तर दीडशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. १८६५ च्या कायद्याने मुंबईत प्रथमच एका आयुक्ताच्या हाती संपूर्ण कार्यकारी सत्ता दिली. ते आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाची मंडई आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. क्रॉफर्ड यांनी शहर स्वच्छ करण्याचा आणि बांधण्याचा सपाटा लावला, खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन उभारले. त्या वेळी बहुतेकांची मागणी होती की एका माणसाची सत्ता काढून समितीच्या हाती द्यावी. तरुण फिरोजशहा मेहता यांनी लोकांचा रोष पत्करून वेगळी भूमिका घेतली. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी, कारण समितीच्या हाती ती दिली की जबाबदारी कोणावरच राहत नाही. परंतु त्या अधिकाऱ्याला करदात्यांनी निवडलेल्या सभेपुढे उत्तर द्यावे लागले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १८७२ चा आणि पुढे १८८८ चा कायदा याच धाटणीचा आहे. १८८८ मध्ये महानगरपालिकेचे ७२ सदस्य होते आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३६, करदात्यांनी निवडलेले होते. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक व्हायला १९४८ उजाडले. मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा आहे. त्याच्याजवळून जाताना मला नेहमी वाटते की त्यांच्या विचाराचा पहिला अर्धा भाग आपण जपला आणि दुसरा अर्धा हळूहळू सोडून दिला.

सोडून दिला असे म्हणण्याचे कारण अगदी ताजे आहे. ७ मार्च २०२२ रोजी महानगरपालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभाग २२७ ठेवायचे की २३६ करायचे हा वाद, त्यावरची न्यायालयीन लढाई, अशी कारणे एकापाठोपाठ एक जमत गेली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३-यू स्पष्ट शब्दांत सांगतो, तरीही जवळजवळ चार वर्षे गेली. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. गोवा राज्याच्या त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहूनही अधिक. एवढ्या मोठ्या रकमेचा आराखडा मांडणारे प्रशासन आणि त्याला मंजुरी देणारे प्रशासक ही एकच खुर्ची होती. स्थायी समितीत त्यावर दिवसेंदिवस होणारी चर्चा नाही, उपसूचना नाही, विरोधी पक्षनेत्याचे भाषण नाही. आकडे संकेतस्थळावर उपलब्ध होते, हे खरे आहे, परंतु आकडा वाचणे आणि तो मांडणाऱ्याला समोर बसवून "हा कशासाठी?" असे विचारणे यांत फार अंतर आहे.

या विषयाची जवळून माहिती असलेले अनेक जण येथे आहेत. आपापल्या अनुभवाने भर घालावी, आणि माझे काही चुकत असेल तर दुरुस्त करावे, ही विनंती.

पटलावर

शिवडीकर, मांडणी आवडली. मी बरीच वर्षे वार्ताहर म्हणून महानगरपालिकेचे वृत्तांकन केले, त्यामुळे सभागृहात हा जाब प्रत्यक्ष कसा विचारला जातो ते सांगतो. 'नगरसेवकांना अधिकार नाहीत' हे वाक्य वारंवार ऐकू येते, ते अर्धेच खरे आहे.

कायद्याने चार वैधानिक समित्या आहेत: स्थायी, सुधार, शिक्षण आणि बेस्ट. यांत स्थायी समितीचे महत्त्व सर्वांत जास्त, कारण ठरावीक रकमेपुढचे प्रत्येक कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. प्रशासनाकडून प्रस्ताव येतो, तो पटलावर ठेवला जातो. सदस्यांना शंका असेल तर प्रस्ताव 'राखून' ठेवतात, अधिक माहिती मागवून पुढच्या बैठकीत पुन्हा घेतात, फेरविचारासाठी परत पाठवतात, किंवा सरळ 'दप्तरी दाखल' करतात, म्हणजे फेटाळून बंद करतात. 'हरकतीचा मुद्दा' हे तर तिथले सर्वांत धारदार हत्यार. कालपर्यंतच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय, उदाहरणार्थ सकाळीच फुटलेली जलवाहिनी किंवा रुग्णालयातली एखादी दुर्घटना, सदस्य हरकतीच्या मुद्द्याद्वारे उपस्थित करतो आणि समोर बसलेल्या अतिरिक्त आयुक्तांना त्याच क्षणी निवेदन करावे लागते. मी त्या खोलीत अनेकदा पाहिले आहे: अधिकाऱ्याच्या मागे बसलेला अभियंता घाईघाईने कागदावर आकडा लिहून पुढे सरकवतो, अधिकारी तो वाचतो, आणि दुसऱ्या टोकाला बसलेला सदस्य आपल्या वहीतला मागच्या वर्षीचा आकडा काढून म्हणतो, "मागच्या मे महिन्यात आपण याच खोलीत वेगळा आकडा दिला होता." इतिवृत्तात दोन्ही आकडे येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन्ही छापले जातात. प्रशासक असताना नेमके हेच थांबले होते. प्रशासनाने काही लपवले असा माझा आरोप नाही. समोरासमोर विचारण्याची जागाच उरली नव्हती.

दुबळी बाजूही तितकीच खरी आहे. नगरसेवक सभागृहात 'ठरावाची सूचना' मांडतो, सभागृह ती एकमताने मंजूर करते, मग ती आयुक्तांकडे 'अभिप्रायार्थ' जाते. कित्येक महिन्यांनी अभिप्राय येतो, आणि त्यात 'सदर सूचना अमलात आणणे शक्य नाही' असे असेल तर सभागृहाला त्यापुढे फारसे काही करता येत नाही. एकमताने मंजूर झालेली इच्छा आणि एका अधिकाऱ्याचा अभिप्राय यांत अभिप्राय वरचढ ठरतो. हा दोष व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे.

कोपर_खैरणे

आयुक्तांना परत पाठवण्याचा अधिकार तरी सभागृहाला आहे ना?

पटलावर

आहे, कागदावर. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर राज्य सरकारने आयुक्तांना परत बोलवावे, अशी तरतूद आहे. मुंबईत २२७ च्या हिशेबाने ती संख्या १४२ होते. प्रत्यक्षात काय घडते ते तुमच्याच नवी मुंबईने पाहिले आहे. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेने तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. तरीही ते पदावर राहिले आणि त्यांची बदली झाली ती पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. त्या वादात कोण बरोबर होते याविषयी मते वेगळी असू शकतात, आणि अनेक नागरिक तेव्हा आयुक्तांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते हेही नोंदवले पाहिजे. परंतु शेवटचा शब्द मंत्रालयाचा असतो, हे त्यातून सगळ्यांना कळले.

तानसा_ते_भांडुप

मी जल अभियंता खात्यातून निवृत्त झालो. येथे थोडा विरोधी सूर लावतो, तो समजून घ्यावा.

मुंबईला सात तलावांतून पाणी येते: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. विहार १८६० चा, मध्य वैतरणा २०१४ चा. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे सगळे शहराबाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. सातही तलाव भरले की साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. एका जिल्ह्यातल्या धरणापासून दुसऱ्या टोकाच्या दहिसरच्या नळापर्यंतची ही साखळी एका हुकमाखाली चालली नाही तर एक दिवसही चालणार नाही. पंचावन्न हजारांच्या प्रत्येक प्रभागाने आपापल्या पाण्याची वेळ ठरवायची म्हटली तर उंचावरच्या वस्तीला थेंब मिळणार नाही. म्हणून फिरोजशहांच्या विचाराचा पहिला अर्धा भाग मला आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

पण त्याच खात्यातली दुसरी गोष्टही सांगतो. पाणी शेवटी सोडतो तो चावीवाला. पहाटे साडेतीन-चारला हातात लांब लोखंडी चावी घेऊन तो रस्त्यातले झाकण उघडतो, झडप किती आटे फिरवायची ते त्याला पाठ असते, आणि एखादा आटा कमी पडला तर टेकडीवरच्या गल्लीत पाणी चढत नाही. हे आमच्या नकाशात दिसत नाही. ते सांगायला येत असे ती त्या भागाची नगरसेविका. एक बाई तर वहीत गल्लीवार वेळा लिहून आणायच्या: या गल्लीत पाच वीसला आले, त्या गल्लीत पाच चाळीसला, शेवटच्या सहा घरांत आलेच नाही. त्यांची वही समोर ठेवून आम्ही आटे बदलत असू. १९१६ या क्रमांकावर नोंदवलेली तक्रार आमच्यापर्यंत एकेकटी येते, आणि ती एकेकटीच निकालात निघते. सहा तक्रारी एकाच गल्लीच्या आहेत आणि त्या एकाच झडपेमुळे आहेत हे जोडून दाखवणारा माणूस लागतो.

आणखी एक बाब. पाण्यावर महानगरपालिकेची संपूर्ण सत्ता आहे, हा समजही खरा नाही. भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणे राज्य सरकारची. जून कोरडा गेला की या दोन धरणांतल्या राखीव साठ्यासाठी जलसंपदा विभागाकडे पत्र लिहावे लागते.

अंधेरी_पश्चिम

वरच्या प्रतिसादाचा शेवटचा परिच्छेद हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे. आपण आयुक्त विरुद्ध नगरसेवक यावर बोलतो आहोत, पण मुंबईचा मोठा भाग या दोघांच्याही हाती नाही. पोलीस आणि वाहतूक पोलीस गृहखात्याचे. लोकल रेल्वे केंद्राची, बंदराची जमीन बंदर प्राधिकरणाची. मेट्रोचा मोठा भाग आणि वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), जुन्या उपकरप्राप्त इमारती म्हाडाकडे, झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे. विकास आराखडा महानगरपालिका तयार करते आणि त्यावर अंतिम मोहोर नगरविकास विभागाची उमटते. मिठी नदीची लांबी जेमतेम १७.८४ किलोमीटर, तिच्यातले ११.८४ किलोमीटर महानगरपालिकेकडे आणि उरलेले ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने ही हद्द पाहिली नव्हती.

मी गोखले पुलाच्या जवळ राहतो, म्हणून त्याची हकिकत सविस्तर सांगतो. अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा हा पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याच्या पदपथाचा भाग रेल्वेरुळांवर कोसळला आणि माणसे दगावली. पहिला वाद झाला तो देखभाल कोणाची यावर, कारण रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महानगरपालिकेचे, तर रुळांवरच्या भागाच्या देखभालीचा खर्च महानगरपालिका रेल्वेला देते. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला. रुळांवरचा भाग रेल्वेने पाडला, नवा पूल महानगरपालिकेने बांधला. रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे रुळांवरची उंची वाढवावी लागली, आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला पहिली बाजू सुरू झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल नव्या पुलापेक्षा माणसाच्या उंचीइतका खाली राहिलेला दिसला. मी त्या दिवशी तिथे उभा होतो. दोन पूल समोरासमोर, मध्ये हवेत तुटलेली कडा. पुढे बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले. संपूर्ण पूल ११ मे २०२५ ला खुला झाला. उचलण्याचे काम अभियंत्यांनी उत्तम केले, त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक आहे. परंतु पहिली बाजू सुरू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा महिने, या भागातल्या शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका आणि रिक्षा मिलन आणि विलेपार्ल्याच्या वाटेने वळसा घालत होत्या, आणि त्या काळात एकही निवडून आलेला माणूस असा नव्हता की ज्याच्यासमोर रेल्वे आणि महानगरपालिका या दोघांनाही एका टेबलाशी बसून उत्तर द्यावे लागले असते.

मुठाकाठ

पुण्याहून लिहितो. मुंबईचा कायदा १८८८ चा स्वतंत्र, आमचा १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. पण आयुक्तांची सत्ता आणि सभागृहाची मर्यादा दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडे आणखी एक गुंता आहे तो बहुसदस्यीय प्रभागांचा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२२ साठी तीनचा ठरला होता, तो प्रत्यक्षात आलाच नाही. आणि २०२६ ची निवडणूक पुन्हा बहुतांशी चारच्या प्रभागाने झाली, ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. आमच्या भागात गटार तुंबले तर चार दूरध्वनी करायचे, आणि चौघांनीही "तो भाग त्यांच्याकडे आहे" असे अत्यंत नम्रपणे सांगायचे, हा नित्याचा अनुभव. तुमचा एक प्रभाग, एक नगरसेवक हा नियम कोणी बदलायला निघाले तर जोरदार विरोध करा, एवढे सांगतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जून २०२१ च्या अखेरीस पुणे महानगरपालिकेत २३ गावे आली. ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, म्हणजे सरपंच गेला. पुढच्या मार्चमध्ये महानगरपालिकेचीच मुदत संपली, म्हणजे नगरसेवक आलाच नाही. जानेवारी २०२६ पर्यंत लाखो माणसांचे ग्रामसभेतले स्थानही नव्हते आणि सभागृहातलेही नव्हते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आणि नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांतल्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा ही पोकळी किती महागात पडते ते सगळ्यांनी पाहिले. ग्रामपंचायत लहान होती, तिच्याकडे पैसा नव्हता, पण विहिरीत काय चालले आहे हे विचारायला सरपंचाच्या दारात जाता येत होते.

बंगळूरकर_मराठी

नोकरीनिमित्त वीस वर्षे बंगळूरमध्ये आहे. येथे २०१५ ला महापालिकेची निवडणूक झाली, सप्टेंबर २०२० ला मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ शहर निर्वाचित सदस्यांविना चालले. आता नव्या कायद्याने एका महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या आहेत आणि त्यांच्यावर समन्वयासाठी ग्रेटर बंगळूर प्राधिकरण आले आहे. अंधेरी_पश्चिम यांना हवी असलेली 'एक टेबल' ही कल्पना येथे कायद्यात उतरली, पण त्या टेबलाच्या मुख्य खुर्चीवर स्वतः मुख्यमंत्री आहेत. समन्वय कदाचित सुधारेल. शहराचा कारभार शहराच्या हाती आला असे मात्र मला म्हणता येत नाही. मुंबईत कोणी अशी योजना सुचवली तर खुर्चीवर कोण बसणार हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा.

सायन_पूर्व

सर्वांची क्षमा मागून एक वेगळे मत मांडते. प्रशासकांच्या काळात आमच्या भागातले रस्त्यांचे काँक्रिटीकरण वेगाने झाले. नगरसेवक असताना प्रत्येक कामात कोणाचा तरी फलक, कोणाचा तरी हट्ट असे. अनेक सामान्य लोकांना निवडणूक न होण्याचे दुःख वाटले नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

शिवडीकर

सायन_पूर्व, क्षमा कशासाठी? हे मत माझ्या इमारतीतही निम्म्या लोकांचे आहे आणि ते गांभीर्यानेच घेतले पाहिजे. रस्ते झाले हे खरे आहे. माझा प्रश्न क्रमाचा आहे. कोणता रस्ता आधी, कोणता नंतर, एकाच वेळी किती रस्ते खोदायचे, गटाराची आणि पाण्याची वाहिनी बदलून मग काँक्रीट टाकायचे की आधी, हे निर्णय आमच्या गल्लीत राहणाऱ्या एकाही माणसाला न विचारता झाले. वेग मिळाला तो न विचारल्यामुळे मिळाला, असे मानले तर विचारण्याची प्रक्रिया सुधारणे हा उपाय आहे, ती बंद करणे नव्हे. फलकांबाबत मात्र आपल्याशी पूर्ण सहमत आहे. ती आपल्या सार्वजनिक जीवनाची लाजिरवाणी सवय आहे.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल. थेट सत्ता असलेला महापौर हा उपाय सुचवला जातो. कोलकात्याच्या १९८० च्या कायद्याने मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणली आणि तिथे महापौर व त्यांचे सहकारी खाती सांभाळतात. आपल्याकडेही १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला हा प्रयोग झाला आणि वर्षभरातच गुंडाळला गेला. एवढ्या थोड्या काळात कोणत्याही पद्धतीची परीक्षा होत नाही, त्यामुळे 'आपल्याकडे ते जमले नाही' असे म्हणणे मला पटत नाही. तरीही मी आज त्याची मागणी करणार नाही. तानसा_ते_भांडुप यांनी सांगितलेली चावीवाल्याची आणि वहीची हकिकत वाचल्यावर माझे मत अधिक पक्के झाले आहे: झडप एकाच हुकमाने फिरावी, पण वही समोर ठेवल्याशिवाय फिरू नये. त्यासाठी वरच्या मजल्यापेक्षा खालच्या मजल्याकडे, म्हणजे प्रभाग समित्यांकडे, आधी पाहावे लागेल. नगरसेवक आणि सहायक आयुक्त जिथे नियमाने समोरासमोर बसतात अशी ती एकमेव जागा आहे. घटनादुरुस्तीने ती दिली, काही ठिकाणी दोन विभागांची मिळून एक अशी तिची रचना झाली, आणि नागरिकांपैकी फार थोड्यांना तिचे अस्तित्वही माहीत आहे. मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूदही राज्याच्या कायद्यात आली, परंतु आमच्या भागात अशी सभा भरल्याचे मी अठरा वर्षांत पाहिलेले नाही.

अंधेरी_पश्चिम यांचा मुद्दा माझ्या मूळ लेखात राहून गेला होता आणि तो सर्वांत मोठा आहे, हे मान्य करतो. रेल्वे, एमएमआरडीए आणि म्हाडा यांचे स्थानिक अधिकारी निदान वर्षातून दोनदा प्रभाग समितीपुढे उपस्थित राहून आपल्या कामांची माहिती देतील, एवढी एक दुरुस्ती नियमांत झाली तर पुष्कळ फरक पडेल, असे मला वाटते. पटलावर यांना विचारायचे आहे: अशी सूचना एखाद्या नगरसेवकामार्फत 'ठरावाची सूचना' म्हणून आणता येईल का?

पटलावर

आणता येईल. बाहेरच्या प्राधिकरणांना हजर राहण्याचा आदेश देण्याचा अधिकार सभागृहाला नाही, त्यामुळे मसुद्यात 'विनंती करावी' असेच शब्द ठेवावे लागतील आणि राज्य सरकारकडे शिफारस करावी लागेल. पण प्रभागातले जे पूल, नाले आणि रस्ते दोन यंत्रणांमध्ये विभागलेले आहेत त्यांची यादी सोबत जोडली तर 'शक्य नाही' असा कोरा अभिप्राय देणे प्रशासनालाही कठीण जाईल. आपण यादी करा, मसुदा मी लिहून देतो.

अंधेरी_पश्चिम

के पूर्व आणि के पश्चिम विभागांची यादी माझ्याकडे जवळजवळ तयार आहे. मोगरा नाला आणि रेल्वेखालचे मोऱ्यांचे मार्ग तिच्यात आहेत. रविवारपर्यंत येथेच टाकतो. एफ आणि जी विभागांतल्या मंडळींनी परळ, करी रोड आणि माहीम भागांतली नावे कळवावीत.

तानसा_ते_भांडुप

रेल्वेरुळांखालून जाणाऱ्या जुन्या जलवाहिन्यांची ठिकाणेही त्या यादीत घ्या. तिथे दुरुस्तीसाठी दोन्ही यंत्रणांची परवानगी लागते. मला आठवतात तेवढी ठिकाणे मी लिहून ठेवली आहेत, उद्या पाठवतो.